नमदा आणि पाते

पियानोची पट्टी दाबल्यावर जो स्वर उमटतो त्याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. परंतु बोट उचलताच तो स्वर जराही न रेंगाळता आणि कसलीही कुरकुर मागे न ठेवता जेथल्या तेथे विरतो, त्या विरण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण जे नीट थांबते ते कानावर येतच नाही. सुमारे 230 पोलादी तारा आणि त्या सर्वांचा मिळून जवळजवळ 20 टनांचा ताण बिडाच्या चौकटीवर पेलणाऱ्या त्या अवजड वाद्यात स्वराला थांबवण्याचे काम लोकरीच्या एका पांढऱ्या, मऊ तुकड्याकडे सोपवलेले असते. हा तुकडा नमद्याचा. नमदा हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि खोगिराखाली घालायच्या जाड लोकरी थराच्या नावाने जुन्या कागदपत्रांत राहिला. आज पियानोच्या कारागिरांत फेल्ट हाच शब्द रूढ आहे, आणि मीही या लेखात दोन्ही वापरणार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका तक्रारीच्या निमित्ताने. गिरगावातल्या माझ्या आत्याच्या घरी तिच्या यजमानांनी लिलावात घेतलेला एक जुना उभा पियानो आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या फेल्टला कसर लागली, म्हणून आत्याने तो एका दुकानाच्या स्वाधीन केला. दुकानाने महिनाभर ठेवून घेऊन, पॉलिश चकचकीत करून तो परत पाठवला, आणि पहिल्याच संध्याकाळी आत्या वाजवायला बसली तेव्हा खर्जातले स्वर एकमेकांत मिसळून सगळ्या घरात घोंघावत राहिले. पट्टी सोडली तरी तार बोलत राही, आणि काही पट्ट्या सोडताना तर तारेवर नख ओढल्यासारखी झिंग उठे. आत्या ऐंशीच्या घरातली. तिला वाटले, आपला हात बिघडला. मी खालची फळी काढली, वरचे झाकण उघडून आत वाकलो, आणि दिसले ते असे की तारांवर टेकणारे सगळे तुकडे हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या फेल्टचे होते, कात्रीने कापलेले होते, आणि कोणत्याही दोन तुकड्यांची लांबी सारखी नव्हती. पैसे पुरते घेतलेले होते. तिच्या हाताला नसलेला दोष त्या कामाने तिच्या माथी मारला, याचा राग मला अजून आहे.

त्या रागातच मी धोबीतलावाच्या बाजूच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीवजा कारखान्यात जाऊन पोहोचलो. तेथील कारागीर मूळचे गोव्याचे, वय सत्तरीच्या पुढे. लहानपणी पाद्रींच्या शाळेत व्हायोलिन शिकले आणि पुढे मुंबईत येऊन पियानोच्या दुरुस्तीत मुरले. गल्लीतली सगळी माणसे त्यांना अंकल म्हणतात, तसेच मीही म्हणू लागलो. आत्याच्या पियानोतून काढून नेलेला एक तुकडा मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, चिमटीत दाबला, सोडला, आणि उजेडाकडे धरून त्याची कड मला दाखवली. "ही कड बघा. वरून आत गेली, मधे पोकळ, खाली परत बाहेर आली. कात्रीने दाबून कापलंय. दाबून कापलेला फेल्ट कापला जात नाही, चुरगळला जातो."

या एका वाक्याचा अर्थ पुरता कळायला मला त्यांच्याकडे पाच-सहा दुपारी बसावे लागले.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की फेल्ट हे कापड नव्हे. आपली घोंगडी धनगराच्या लोकरीची, सनगराच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. तिच्यात उभा-आडवा धागा आहे, म्हणून तिला सरळ रेषा जन्मतःच आहे. फेल्टमध्ये धागाच नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात, आणि ते सगळे एकाच दिशेने कललेले असतात. ओलावा, उष्णता आणि सततचे घर्षण मिळाले की केस आपल्या बुडख्याच्या दिशेने सरकत जातात, मागे मात्र येऊ शकत नाहीत, आणि अशा रीतीने लक्षावधी केस एकमेकांत गुंतून एक घट्ट, तरीही लवचिक पिंड तयार होतो. मेरिनो मेंढीची बारीक लोकर या कामाला उत्तम, आपल्या दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर त्या मानाने कमी उपयोगाची. या पिंडात प्रत्येक केस दुसऱ्याच्या आधाराने ताणलेला वा दबलेला असतो, म्हणून फेल्ट दाबला की बसतो आणि सोडला की उसळी घेतो. पियानोला तो हवा असतो तो याच गुणासाठी, आणि कापणाऱ्याला तो चकवतो तोही याच गुणाने. पाते वरून रेटले तर धार आत शिरण्यापूर्वीच फेल्ट खाली दबतो. दबलेल्या अवस्थेत जो छेद सरळ पडला तो, दाब सुटून फेल्ट मूळ जाडीवर आला की, वक्र होऊन बसतो. कात्रीची दोन पाती तर फेल्टला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. वरचा थर एकीकडे ढकलला जातो, खालचा दुसरीकडे, आणि कड तिरपी निघते. पातळ कापडाला कात्री चालते. बोटभर जाडीच्या फेल्टला ती लावणे हा माझ्या मते त्या मेंढीवरही अन्याय आहे.

अंकलच्या टेबलावर म्हणूनच कात्री एका कोपऱ्यात, आणि हाताशी एकधारी ब्लेडांचा गठ्ठा. त्याखेरीज पोलादी पट्टी, सुताराचा गुण्या, चांभाराच्या रापीसारखी एक अर्धचंद्री सुरी, आणि सागवानाची एक पन्हळ. ही पन्हळ त्यांनी स्वतः केलेली. डॅम्परचा फेल्ट, म्हणजे तारेवर टेकून तिला गप्प करणारा फेल्ट, लांब पट्ट्यांच्या रूपाने परदेशाहून येतो, आणि त्याचे प्रकार तारांच्या मांडणीबरहुकूम असतात. अगदी खालच्या स्वरांना प्रत्येकी एकच, तांब्याने मढवलेली तार. तिच्यासाठी मधे खाच असलेला तुकडा. त्यानंतर दोन-दोन तारांचे स्वर. त्या दोहोंच्या मधल्या फटीत बसणारा पाचरीच्या आकाराचा. पुढे तीन-तीन तारांचे. तेथे दोन फटींत एकदम उतरणारी, मध्यभागी चिरलेली दुहेरी पाचर, आणि आणखी वर सपाट गादी. अगदी वरच्या सुमारे वीस स्वरांना डॅम्पर मुळी नसतोच, कारण त्या आखूड तारांचा नाद आपणहून क्षणात विरतो. अंकलच्या पन्हळीत पाचरीच्या आकाराची खाच कोरलेली आहे, म्हणजे फेल्टची पट्टी तिच्यात अंगाबरोबर बसते, दबत नाही. आडवी एक बारीक चीर आहे, ब्लेड जाईल एवढीच. आणि एका टोकाला सरकता ठोकळा, ज्याला टेकून पट्टी ठेवली की प्रत्येक तुकड्याची लांबी मुकर्रर.

पहिल्या दुपारी त्यांनी एकही तुकडा कापला नाही. आत्याच्या पियानोचे डॅम्पर काढून, क्रमांक घालून, एका फळीवर रांगेने मांडले, आणि त्या कृत्रिम तुकड्यांखाली लाकडावर उरलेल्या जुन्या सरसाच्या खुणांवरून मूळ कारखान्याच्या फेल्टची लांबी शोधू लागले. खर्जातले तुकडे लांब, वर जावे तसे आखूड. हा उतार कोठे किती आहे हे त्या फिकट खुणाच सांगू शकत होत्या. कॅलिपरने जाडी मोजताना त्यांनी जबडे फेल्टला जेमतेम शिवू दिले, कारण तेथेही दाबले की माप खोटे. सगळा तपशील एका वहीत उतरला. माझा धीर सुटत चालला आहे हे ओळखून ते म्हणाले, "आधीच्यांनी मोजलं असतं तर तुम्ही माझ्याकडे आला नसता."

कापताना मात्र त्यांचा हात पाहत राहावा असा. नवे ब्लेड काढायचे, आणि त्याचा अगदी टोकाकडचा कोन फेल्टवर टेकवून ते आपल्याकडे ओढायचे. पहिल्या ओढीत फेल्ट कापला जाईल अशी अपेक्षाच नसते. ती नुसती वाट पाडते. दुसरी ओढ त्याच वाटेने, तिसरी त्याच वाटेने, आणि चौथ्या-पाचव्या ओढीला तुकडा आपसूक विलग होतो. हाताचे वजन ब्लेडवर पडतच नाही. ब्लेडची लांबी फेल्टमधून सरकते आणि एकेक केस तुटत जातो. त्या वेळी होणारा आवाज मी कान लावून ऐकला: रेशमी साडीची घडी उलगडताना होतो तसा, फार बारीक. आठ-दहा तुकड्यांनंतर तो आवाज किंचित खरखरीत झाला, आणि अंकलने ते ब्लेड बाजूला टाकून दुसरे घेतले. डोळ्यांना त्या धारेत काडीचाही फरक दिसत नव्हता. "लोकर धार खाते," एवढेच ते म्हणाले. कापलेली बाजू त्यांनी माझ्यापुढे धरली: पांढरी, सपाट, एकही केस बाहेर न डोकावणारी, आणि गुण्या लावला तर चारी बाजूंनी काटकोनात.

मलाही त्यांनी एक तुकडा कापू दिला. तीन ओढी मी संयमाने काढल्या, आणि चौथ्या वेळी उरलेला शेवटचा पापुद्रा पाहून माझा हात नकळत खाली रेटला गेला. तुकडा निघाला. वरून तीन-चतुर्थांश भाग आरशासारखा, आणि तळाशी केसांची एक मिशी लोंबत राहिलेली. अंकलने तो फेकला नाही. आत्याच्या डॅम्परला लावून, दोन तारा ताणलेल्या एका परीक्षेच्या चौकटीवर टेकवून दाखवला. तार छेडली, डॅम्पर सोडला: स्वर थांबला, पण थांबण्यापूर्वी एक पुसट झिंग उठली. तळाची ती मिशी मुख्य फेल्टच्या आधी तारेला शिवत होती, आणि कंप पावणारी तार तिच्यावर गुणगुणत होती. मग शेजारचाच, त्यांनी कापलेला तुकडा लावून तेच केले. तार बोलली आणि थांबली. मधे काही नाही. आत्याच्या दिवाणखान्यातल्या त्या झिंगेचे मूळ माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि ते केसाएवढे होते.

पाचरीचा शेंडा मध्यावर नसेल तर होणारा अनर्थ याहूनही सूक्ष्म. शेंडा एका बाजूला कलला की तो आधी एका तारेला ढकलतो, मग दुसरीला. दोन्ही एकदम शांत होत नाहीत, आणि एक स्वर जातो न जातो तोच त्याची सावली मागे उरते. म्हणून दुहेरी पाचर मधोमध चिरताना अंकल पट्टी पन्हळीत उलटी घालतात आणि श्वास रोखून एकाच लांब ओढीत चीर पाडतात. आणखी एक दंडक ते कटाक्षाने पाळतात: नवा तुकडा ताडून पाहायचा तो नेहमी पहिल्या नमुन्याशी, आदल्या तुकड्याशी कधीही नाही. आदल्याशी ताडत गेले तर केसभर तफावत दर वेळी पुढच्याच्या पदरात पडते, आणि विसाव्या तुकड्यापर्यंत तिचे गहूभर अंतर होते.

येथे थोडे मागे जायला हवे. फ्लोरेन्समध्ये मेडिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हे वाद्य घडवले तेव्हा त्याच्या हातोड्यांवर चामडे होते, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे चामड्याचाच अंमल चालला. 1826 मध्ये पॅरिसमधील जाँ-आंरी पाप या जन्माने जर्मन कारागिराने हातोड्यांवर फेल्ट मढवण्याचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर जसजशा तारा जाड आणि चौकटी लोखंडी होत गेल्या तसतसे चामडे मागे पडले. एकोणिसाव्या शतकात या व्यवसायाची एवढी भरभराट झाली की आल्फ्रेड डॉल्ज या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने 1874 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका खेड्यात पियानोच्या फेल्टचा कारखाना काढला आणि कालांतराने त्या खेड्याचे नावच डॉल्जव्हिल झाले. पियानोच्या कारखानदारांचा इतिहास सांगणारे त्याचे 1911 मधील पुस्तक आजही या धंद्यातली माणसे उघडून बघतात.

हातोड्यांचा फेल्ट कसा कापतात हे ऐकून मला विशेष नवल वाटले. खर्जाच्या हातोड्याला जाड फेल्ट हवा, वरच्या स्वरांच्या हातोड्याला पातळ. म्हणून कारखान्यात फेल्टचा पत्राच एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळता करतात, त्यातून एक लांब पट्टी काढतात, आणि लाकडी हातोड्यांच्या सलग मांडणीभोवती ती सरस लावून प्रचंड दाबाने वाकवून बसवतात. वाकल्यावर फेल्टचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबला जातो, आणि हातोड्याच्या स्वराचा गोडवा या ताण-दाबाच्या तोलावर अवलंबून असतो. सगळे सुकल्यावर मग अखंड लादीच्या वड्या पाडाव्यात तसे धारदार पात्याने 88 हातोडे एकमेकांपासून सुटे करतात. तो छेद जर बोथट पात्याने घातला तर कडेचे ताणलेले केस ओढले जाऊन हातोड्याचे अंग विसविशीत होते.

गोल चकत्यांची गोष्ट निराळी. प्रत्येक पट्टीच्या पुढच्या टोकाखाली, मार्गदर्शक खिळ्यात ओवलेली, फेल्टची एक जाड चकती असते, आणि पट्टी दाबल्यावर जी सुमारे 10 मिलिमीटर खाली जाते तिला तेथे थांबवणारी ती हीच. मधल्या तोलाच्या खिळ्यात ओवलेली आणखी एक, पातळ चकती. पट्टी ही तरफ असल्यामुळे आणि तिचे मागचे टोक आपल्या गादीवर टेकलेले असल्यामुळे मधल्या चकतीत जेवढी चूक होईल तिच्या जवळजवळ दुप्पट चूक पुढच्या टोकाला बोटाखाली येते. म्हणून तेथील शेवटचा हिशेब फेल्टने न करता कागदाच्या पातळ चकत्यांनी करतात. फेल्टच्या चकत्या पाडायला पोकळ पंच लागतो. अंकलचा पंच बाहेरून निमुळता व आतून सरळ आहे, म्हणजे धारेचा उतार बाहेरच्या टाकाऊ भागाकडे राहतो आणि चकतीची कड सरळ उभी निघते. त्याखाली घ्यायला ते खाटकाकडे असतो तसा चिंचेचा ओंडका वापरतात, आणि त्याचाही आडवा कापलेला, तंतू उभे असलेला पृष्ठभाग. कारण उभ्या तंतूंमध्ये धार शिरते आणि बाहेर येताना बोथटत नाही. हातोडीचा एकच घाव, पंच सरळ, मनगट सैल. घाव दुबार पडला की चकतीच्या कडेला पायरी पडते.

पट्ट्यांच्या भोकांत बसवायचे तांबडे कापड, ज्याला कारागीर बुशिंग म्हणतात, हे मात्र विणलेले असते. मुंबईच्या पावसाळ्यात निम्म्या पियानोंच्या पट्ट्या अडतात त्या याच कापडापायी: लोकर दमट हवेतले पाणी पिऊन फुगते आणि खिळ्याला आवळून धरते. अंकल आषाढ-श्रावणात शक्यतो फेल्ट कापत नाहीत. तो पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या टाकून, बंद असतो. कारण फुगलेल्या फेल्टवर घेतलेले माप आश्विनात आखूड भरते. आमचे काम दसऱ्यानंतर ठरले ते या कारणाने, आणि आत्याने ती मुदत कुरकुर न करता मान्य केली.

चिकटवण्याचे काम मी पाहिले ते शेवटच्या दुपारी. सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर विरघळवलेला. कुंचल्याने तो फक्त लाकडावर लावायचा, क्षणभर थांबायचे, त्याला किंचित दाटपणा येऊ द्यायचा, आणि मग फेल्ट टेकवायचा. घाई केली तर पातळ सरस लोकरीत शोषला जातो, सुकल्यावर ती लाकडासारखी कडक होते, आणि मग कितीही नेटका कापलेला तुकडा तारेवर खडखडतो. रसायनांचे नवे डिंक बाजारात पुष्कळ आहेत. पण सरस वाफेने सुटतो, पुढच्या दुरुस्तीवाल्याला लाकूड न मोडता फेल्ट काढता येतो, म्हणून अंकल सरसच वापरतात.

पियानो घरी आला त्या दिवशी अंकल स्वतः आले. डॅम्पर जागच्या जागी बसवून, खालून वर एकेक पट्टी दाबून सोडत त्यांनी प्रत्येक स्वर तपासला. तीन तारांवर किंचित सावली उरत होती, तेथे फेल्टला हात न लावता डॅम्परची तारच केसभर वाकवून ती घालवली. आत्या बाजूला खुर्चीवर बसून, मान किंचित कलती ठेवून ऐकत होती. मग ती उठली, बसली, दोन्ही हातांनी एक मोठा खर्जाचा मेळ वाजवला, आणि हात उचलले. स्वर थांबला. तिने तोच मेळ पुन्हा वाजवला, पुन्हा हात उचलले. असे चार वेळा. "हात माझा ठीक आहे म्हणायचा," ती म्हणाली. "आजी, हात पहिल्यापासून ठीक होता," अंकल म्हणाले.

निघण्यापूर्वी त्यांनी अगदी डावीकडची पहिली पट्टी अलगद बाहेर काढली. तिच्या लाकडी अंगावर, उजेडात कधीच न येणाऱ्या बाजूला, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या जुन्या नोंदी होत्या: वेगवेगळ्या हातांच्या, इंग्रजी अक्षरांतल्या, काही पुसट होऊन गेलेल्या, कोणी केव्हा सूर लावला, कोणी बुशिंग बदलले. ज्या दुकानाने मधे काम केले त्याची नोंद तेथे नव्हती. अंकलने खिशातली पेन्सिल काढली, जिभेला लावली, तारीख घातली, आणि खाली बारीक अक्षरांत डॅम्परच्या प्रत्येक प्रकाराची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली. उरलेली फेल्टची वीतभर पट्टी त्यांनी कागदात गुंडाळली, सोबत डांबराची एक गोळी घातली, आणि ती पुरचुंडी पियानोच्या तळाशी, पायपट्ट्यांच्या मागे, हाताला लागेल अशी ठेवली.